ठिगळाचं कापड कुठून घ्यायचं?

हिरडीवर कलम करून घेतलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी "कसं आहे?" असं विचारलं, तर तो हिरडीबद्दल क्वचितच बोलतो. जिथे नवी हिरडी लावली तिथे बहुधा फारसं दुखत नसतं. तो जीभ टाळूला लावून दाखवतो. दुखतं ते तिथे. आणि मग मागोमाग तक्रार येते: टाळूला हात लावणार आहेत हे नीट कुणी सांगितलंच नव्हतं.

ही तक्रार रास्त आहे. सरकलेल्या हिरडीवर कलम करायचं म्हणजे तोंडात दोन जखमा होणार, एक जिथे लावायचं तिथे आणि एक जिथून घ्यायचं तिथे. पहिलीबद्दल रुग्ण आणि डॉक्टर भरपूर बोलतात, कारण ती आरशात दिसते. दुसरीबद्दल बोलणं राहून जातं. खरं तर दुखणं, रक्त येणं, चार दिवसांचं खाणंपिणं आणि पुष्कळदा कलमाचं यशसुद्धा या दुसऱ्या जागेवर अवलंबून असतं. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: तुकडा कुठून घेणार, आणि तिथूनच का?

चादरी आणि टॉवेलच्या मागांवर वाढलेल्या सोलापूरला ही गोष्ट समजावणं तसं सोपं आहे. फाटलेल्या कापडावर ठिगळ लावताना आधी वाण बघतात. सूत जाड की बारीक, कापड ताणतं की नाही, धुतल्यावर आटेल किती. तोंडातही हेच हिशेब असतात. फरक एवढाच, की हे कापड जिवंत आहे आणि त्याला रक्त मिळालं नाही तर ते चार दिवसांत मरतं.

रक्ताचा हा मुद्दा महाराष्ट्रातल्या एका जुन्या शस्त्रक्रियेतून उत्तम कळतो. टिपूशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेकडे बैलगाडी हाकणारा कावसजी पकडला गेला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुढे पुण्यात वीटभट्टीचं काम करणाऱ्या समाजातल्या एका वैद्याने त्याला नवं नाक बसवलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं सचित्र वर्णन छापून आलं. वैद्याने आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ती सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन भुवयांच्या मधली एक पट्टी कापली नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं. नवी जागा नीट धरल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, ती पट्टी तोडली.

आजच्या दंतशल्यविशारदाच्या टेबलावर मेणाऐवजी टाक्यांच्या पाकिटाची चमकी असते. तीच हिरडीच्या जागेवर धरून कापायची, टाळूवर ठेवायची आणि तिच्या कडेने पातं फिरवायचं. कपाळाच्या जागी टाळू आला, इतकंच.

पण एक भेद लक्षात ठेवायला हवा. कावसजीच्या कपाळाची कातडी देठासकट आली होती. टाळूवरचा तुकडा पूर्ण सुटा होतो, त्याला देठ नसतो. पहिले दोन-तीन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरू लागतात. या दोन-तीन दिवसांत ओठ ओढून "लागलं का बघू" म्हणणाऱ्याचा तुकडा हलतो, आणि हललेला तुकडा जगेलच याची खात्री देता येत नाही.

जागा ठरवण्याआधी कलम कशासाठी हवं ते ठरवावं लागतं. कारणं मुख्यतः दोन. दाताचं मूळ उघडं पडलंय, थंड पाण्याने कळ जाते, हसताना दात लांब दिसतो, म्हणून मूळ झाकायचं, हे पहिलं. दुसरं, दाताभोवतीची घट्ट, न हलणारी हिरडीच उरलेली नाही, ओठ हलला की कडा ओढली जाते, ब्रश लावला की झोंबतं, किंवा इम्प्लांटभोवती मजबूत पट्टी हवी आहे. पहिल्या कामाला बारीक पोताचं, रंगाला मिळतं कापड लागतं. दुसऱ्याला मजबूत कापड लागतं, रंग थोडा वेगळा असला तरी चालतो.

दुसऱ्या कामासाठी जुना आणि आजही चालणारा उपाय म्हणजे टाळूवरच्या त्वचेसकट पातळ तुकडा काढून लावणं. सलिव्हन आणि अ‍ॅटकिन्स यांनी १९६८ मध्ये त्याची पद्धत नीट मांडली. तुकड्याची जाडी साधारण १ ते १.५ मिलिमीटर ठेवतात. त्याहून पातळ असेल तर फार आटतो, जाड असेल तर रक्त वरपर्यंत पोचत नाही. भरून आल्यावर तो आजूबाजूच्या हिरडीपेक्षा फिकट दिसतो, सायकलच्या ट्यूबवरच्या पॅचसारखा. खालच्या पुढच्या दातांपाशी ओठाआड तो कुणाला दिसत नाही. हसताना दिसणाऱ्या वरच्या सुळ्यापाशी मात्र तो चांगलाच खुपतो. इकडे टाळूवर कातडी सोललेली उघडी जखम राहते. ती बाजूंनी हळूहळू भरते आणि त्याला दोन ते चार आठवडे लागतात.

मूळ झाकण्यासाठी वेगळी वाट निघाली ती एका निरीक्षणामुळे. थॉर्किल्ड कारिंग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की वरची त्वचा कशी होणार हे खालचा जोडऊतींचा थर ठरवतो. म्हणजे वरचं साल न नेता खालचा गर नेला तरी त्यावर हिरडीसारखीच त्वचा येते. १९८५ मध्ये बी. लँगर आणि एल. लँगर यांनी याच थराचा तुकडा उघड्या मुळावर ठेवून वरून हिरडीची झडप ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत टाळूवर खिशासारखी चीर देतात, आतला थर काढतात आणि झाकण परत बसवून टाके घालतात. जखम झाकलेली राहते. लावलेल्या तुकड्याला खालून आणि वरून असं दोन्हीकडून रक्त मिळतं. रंगही जुळतो. उघडं मूळ झाकायचं असेल तर हिरडीची झडप आणि तिच्याखाली हा थर, ही जोडी आजवरच्या तुलनांमध्ये सर्वांत भरवशाची ठरली आहे.

इथे एका गैरसमजाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. "खिशातून काढतो, मग दुखणारच नाही" असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. झाकण पातळ राहिलं तर ते काळं पडून गळतं, आणि मग ती जखम उघड्या जखमेइतकीच, कधी तिच्याहून जास्त छळते. इटलीतल्या जोव्हान्नी झुक्केली यांनी २०१० मध्ये दोन पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या, खिशातून काढलेला थर आणि त्वचेसकट काढून नंतर साल खरवडलेला तुकडा. रुग्णांनी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांत फारसा फरक नव्हता. तुकडा जितका उंच आणि झाकण जितकं गळलेलं, तितकं दुखणं जास्त. म्हणून पद्धतीचं नाव विचारण्यापेक्षा तुकडा किती मोठा हवा, टाळू किती जाड आहे आणि काढल्यावर खाली किती उरणार, हे विचारणं रुग्णाच्या जास्त कामाचं.

टाळू सगळीकडे सारखा नसतो. जीभ फिरवून बघितली तर पुढे दातांमागे आडव्या वळ्या लागतात. त्या भागातून त्वचेसकट तुकडा घेऊ नये, कारण वळ्या तुकड्याबरोबर येतात आणि हिरडीवर कायमच्या राहतात. पहिल्या मोठ्या दाढेच्या आतल्या मुळापाशी टाळू पातळ असतो, तिथे हाड वरच असतं. त्याच्याही मागे लाळेच्या ग्रंथी जास्त. म्हणून सुळ्याच्या मागून पहिल्या मोठ्या दाढेच्या अलीकडेपर्यंत, म्हणजे मुख्यतः उपदाढांच्या आतला पट्टा, ही नेहमीची जागा. तिथेही दाताजवळची २-३ मिलिमीटर हिरडी सोडून द्यायची असते, नाहीतर एका दाताची हिरडी सुधारताना दुसऱ्याची सरकते.

दुसरी सीमा टाळूच्या मुख्य रक्तवाहिनीची. ती मागच्या दाढांपाशी हाडातून बाहेर येते आणि पुढे जाते. १९९६ मध्ये रायझर आणि सहकाऱ्यांनी दिलेली मापं डॉक्टर आजही डोक्यात ठेवतात: टाळू सपाट असेल तर दाताच्या मानेपासून ही वाहिनी अवघी ७ मिलिमीटरवर, मध्यम असेल तर सुमारे १२, आणि उंच घुमटासारखा असेल तर १७ मिलिमीटरवर असते. सपाट टाळूच्या रुग्णाकडे मोठा तुकडा मागणं हे धोक्याला निमंत्रण. आरशात तोंड उघडून स्वतःचा टाळू उंच आहे की सपाट, हे कुणालाही पाहता येतं. जाडी मात्र डॉक्टरांनी मोजावी लागते. भूल दिल्यावर बारीक सुईवर रबराची चकती चढवून ती हाडापर्यंत टोचली की जाडी कळते. हे मोजमाप दोन मिनिटांचं आहे आणि ते व्हायलाच हवं.

टाळू पातळ किंवा सपाट निघाला तर वरच्या शेवटच्या दाढेमागचा फुगीर कोपरा बघतात. इथला थर घट्ट, तंतूंनी भरलेला असतो, त्यात चरबी आणि ग्रंथी कमी. जखमेला टाके घालून ती बंद करता येते, दुखणं सहसा कमी. दातांमधला हिरडीचा त्रिकोण भरायला, काढलेल्या दाताच्या जागी खोलगट झालेला उंचवटा पुन्हा उभा करायला आणि इम्प्लांटभोवती जाडी आणायला हा थर फार उपयोगी पडतो. पण तुकडा छोटा मिळतो. चार दातांची मुळं झाकायची असतील तर तो पुरणार नाही. अक्कलदाढ जागेवर असेल तर बहुधा जागाच उरत नाही. आणि हा घट्ट थर कधी कधी नव्या जागी गरजेपेक्षा जाड होऊन फुगीर दिसतो, मग तो तासावा लागतो. हसताना दिसणाऱ्या दातासाठी तो वापरायचा असेल तर ही शक्यता आधी सांगितली जायला हवी.

तिसरी जागा शेजारीच असते. एकाच दाताचं मूळ उघडं असेल आणि बाजूच्या दाताची हिरडी रुंद, जाड असेल, तर तीच देठासकट सरकवून आणता येते. ग्रुप आणि वॉरन यांनी १९५६ मध्ये सांगितलेली ही पद्धत पुण्याच्या वैद्याच्या तत्त्वावरच चालते: देठ तोडायचा नाही. टाळूला हात लागत नाही, रंग अगदी जुळतो. धोका एवढाच, की शेजाऱ्याची हिरडी पातळ असेल तर तिथेच नवं मूळ उघडं पडतं. काढलेल्या दाताची मोकळी जागा शेजारी असेल तर मात्र तिथून घेणं सुरक्षित.

तोंडातून काहीच घ्यायचं नसेल तर बाहेरून आणलेले पर्यायही आहेत. प्रक्रिया केलेली मानवी त्वचा, जनावरांच्या कोलॅजनच्या पट्ट्या, रुग्णाच्याच रक्तातून बनवलेलं फायब्रिन. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक गर्भावरणाची सुकवलेली आणि किरणांनी निर्जंतुक केलेली पटलं तयार करते, तीही हिरडीसाठी वापरली जातात. अनेक दातांवर एकदम काम असेल किंवा टाळू अगदीच नकार देत असेल तेव्हा हे पर्याय खरोखर कामाचे आहेत. तरी मूळ झाकण्यात स्वतःच्या टाळूतला थर बहुतेकदा त्यांच्यापुढेच राहतो. आणखी एक गोष्ट: कोलॅजन डुकराचं आहे की गाईचं, हे रुग्णाने विचारावं आणि डॉक्टरांनी न विचारता सांगावं. ज्याच्या धर्माला किंवा आचाराला ते चालत नाही, त्याला नंतर कळणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इथे कलम कुठून घ्यायचं हे पुष्कळदा तंबाखूच ठरवते. सकाळी मिश्री बोटाने घासणाऱ्या बायकांच्या हिरड्या नेमक्या घासल्या जाणाऱ्या जागी सरकतात. विडी ओढणाऱ्याच्या टाळूवर पांढरट थर आणि त्यात लाल ठिपके दिसतात, ती सुजलेल्या लाळग्रंथींची तोंडं असतात. गुटखा आणि मावा खाणाऱ्यांमध्ये तर टाळू आणि गालांची आतली बाजू पांढरी, कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण येत राहतात. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, त्याच्या दाढेमागच्या कोपऱ्यापर्यंत पातं नीट पोचतच नाही, आणि कडक झालेल्या टाळूतून काढलेला तुकडाही चांगल्या प्रतीचा नसतो. अशा माणसाने आधी त्या विकाराची तपासणी करून घ्यावी. हिरडीचं ठिगळ थांबू शकतं. पांढऱ्या, कडक झालेल्या चट्ट्यांची तपासणी थांबवून ठेवू नये, कारण त्यांचा कॅन्सरशी संबंध आहे. धूम्रपान चालू ठेवून केलेल्या कलमात मूळ कमी झाकलं जातं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कलमाच्या आधी आणि नंतर काही आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवता येत नसेल, तर पैसे आणि दुखणं दोन्ही वाया घालवण्यात अर्थ नाही. मिश्री सोडणं अवघड असतं, घरातल्या सासू-सुना मिळून लावत असतील तर आणखीच. पण टाळूवर ताजी जखम असताना तंबाखूची पूड तोंडात जाणं हा सरळ धोका आहे, हे घरातल्या सगळ्यांसमोर बोलून घ्यावं.

अपेक्षाही आधीच ठरवाव्यात. दोन दातांमधलं हाड आणि हिरडीचा त्रिकोण शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा चांगली. ते खचलेलं असेल तर थोडं झाकलं जाईल, फार खचलं असेल तर झाकायचा प्रयत्नच करू नये. पी. डी. मिलर यांचं १९८५ चं वर्गीकरण नेमकं हेच सांगतं. आपला दात त्यात कुठे बसतो, हे एक्स-रे समोर ठेवून डॉक्टर पाच मिनिटांत सांगू शकतात.

हे काम हिरडीतज्ज्ञांचं आहे. खासगी दवाखान्यांखेरीज दंत महाविद्यालयांत त्यासाठी वेगळा विभाग असतो. सोलापूरजवळ केगावला दंत महाविद्यालय आहे. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बरोबर न्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला लेखी घेऊन जावा. त्वचेसकट तुकडा काढणार असतील तर टाळू झाकणारी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आधीच माप घेऊन बनवून घ्यावी. तिने खाणं सुसह्य होतं आणि रक्त येण्याची भीती कमी होते. काही डॉक्टर त्याऐवजी जखमेवर टिश्यू ग्लूचा थर देतात, तोही चांगला. अक्कलकोट, बार्शी किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी पहिली रात्र शक्यतो शहरातच काढावी. संध्याकाळच्या एसटीत धक्के खात जाताना टाळूतून रक्त आलं तर वाटेत मदत मिळणं कठीण.

रक्त आलंच तर घाबरून चुळा भरू नयेत. चुळेने गुठळी निघते आणि रक्त वाढतं. स्वच्छ ओली कापसाची घडी टाळूवर ठेवून बोटाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून दाबावी, मध्ये उचलून बघू नये. तरी थांबलं नाही तर लगेच डॉक्टरांना गाठावं. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी दुखण्यासाठी स्वतःहून घेऊ नये.

खाण्याबाबत सोलापूरकरांची खरी परीक्षा आहे. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पहिले दोन आठवडे बंद. भाकरीचा कडक तुकडा टाळूवर पात्यासारखा लागतो आणि दाण्याचा कूट टाक्यांत जाऊन बसतो. हुरड्याच्या दिवसांत ऑपरेशन ठरवूच नये, कारण शेतावर बोलावणं आलं की मोह आवरत नाही आणि कोवळा दाणा जखमेत अडकतो. त्याऐवजी ताकभात, गार आंबील, मऊ मुगाची खिचडी, दही, पिकलं केळं. पहिल्या दिवशी सगळं गार किंवा कोमट, गरम चहा नको. घास दुसऱ्या बाजूने चावावा, नळीने ओढून पिऊ नये. ऑपरेशनच्या जागी डॉक्टर सांगेपर्यंत ब्रश लावू नये, त्यांनी दिलेल्या औषधी पाण्याने तोंड हलकं भिजवून ते सोडून द्यावं.

आठवड्याने आरशात तुकडा पांढरट आणि साल निघत असलेला दिसतो. अनेकजण तिथेच धीर सोडतात. वरचं साल गळणं हे नेहमीचं आहे. खाली नवं तयार होत असतं. टाळूच्या त्या भागात काही आठवडे बधिरपणा राहू शकतो. घाण वास, वाढती सूज आणि ताप असेल तर मात्र वाट बघायची नाही.

टाळू आश्चर्य वाटावं इतका चांगला भरतो. काही महिन्यांनी त्याच जागेतून पुन्हा थर घेता येतो, आणि ज्याची बरीच मुळं उघडी आहेत त्याला तो बऱ्याचदा घ्यावाही लागतो. म्हणून घरी जाताना फाईलवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: तुकडा डाव्या बाजूने घेतला की उजव्या, टाळूतून की दाढेमागून, किती मिलिमीटरचा आणि कुठल्या तारखेला. पुढच्या वेळी दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसावं लागलं, तरी त्यांना कापड कुठे शिल्लक आहे ते या चार ओळींतून कळतं.